साहेबांचा पाय, मामांची चप्पल

दवाखान्याच्या शू वर्कशॉपमधून, जिथे मामा रुग्णांच्या चपला करतात, निरोप आला, "मामा बोलावतात, लगेच या." गेले तर टेबलावर पायाचा ताजा ठसा. आमच्याकडे ठसा असा घेतात: खालून शाई लावलेली खाचांची रबरी चटई कागदावर ठेवायची आणि तिच्यावरून नेहमीच्या चालीनं एक पाऊल टाकायला सांगायचं. जिथे दाब जास्त, तिथे शाई गडद उमटते. या ठशात उजव्या अंगठ्यामागच्या चवड्यावर रुपयाएवढा काळाकुट्ट डाग होता.

ठसा रुग्णाचा नव्हता, साहेबांचा होता. साहेब म्हणजे आमच्या मिशन दवाखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले आणि निवृत्तीनंतरही दर हिवाळ्यात येणारे इंग्रज शल्यचिकित्सक. मामा दरवर्षी त्यांना चपलांचा एक जोड करून देतात. "मोज्याले डाग दिसला, म्हून पहिले ठसा घेतला," मामा म्हणाले. घट्ट्याच्या मधोमध जखम होती, साधारण दोन सेंटिमीटरची. साहेबांना मधुमेह आहे, त्यानं पाय बधिर झालेला. दुखतच नव्हता, त्यामुळे विमानतळापासून वॉर्डापर्यंत ते त्याच जखमेवर चालत आले होते.

या दोघांची ओळख झाली ती मामांच्या हातांमुळे. मामा चर्मकार घरातले. लहानपणीच कुष्ठरोग झाला, घर सुटलं, बोटं आत वळली. साहेबांनी त्यांच्या मधल्या बोटाचा एक स्नायुबंध सोडवून, त्याचे चार फाटे करून ते चारही बोटांना जोडले. तीन आठवडे प्लास्टर, मग मुठीचे व्यायाम. मूठ वळू लागली, संवेदना मात्र परत आली नाही. म्हणून मामांच्या रापीला आणि आरीला जाड गुंडाळलेल्या मुठी आहेत. बारीक मूठ बधिर हाताला कापते आणि कळतही नाही.

जुनी माणसं सांगतात, तेव्हा चर्चमध्ये रुग्णांचे बाक मागे आणि वेगळे असत. साहेब जाऊन त्या बाकांवर मामांशेजारी बसले, आणि प्रभुभोजनाच्या वेळी मामांनी तोंड लावलेल्या प्याल्यातूनच द्राक्षरस प्याले. गावात कुणी मामांच्या हातचं पाणी घेत नव्हतं त्या काळातली ही गोष्ट. एक जण साहेबलोकांतला, दुसरा जातीनं आणि रोगानं दोनदा बाहेर काढलेला. मला वाटतं, शस्त्रक्रियेनं मामांचा हात सुधारला, पण मैत्री त्या प्याल्यापासून धरली. पुढे दोघं मिळून ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणू लागले, मामा पेटीवर.

आता पाय बघायची पाळी मामांची होती. "साहेब, आज तुमचा पाय माह्या ताब्यात. खाली टेकू नका."

जखमेवरचा भार काढायला बधिर पायाला प्लास्टर घालतात, पण त्याआधी काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला लावला. चवड्यावर आणि बोटांवर साहेबांना काहीच कळलं नाही. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी लागत होती. बोथट सळई जखमेत घातली, ती हाडापर्यंत गेली नाही. एक्स-रे स्वच्छ. पू नाही, ताप नाही. रक्तपुरवठा कमी असेल किंवा आत जंतुसंसर्ग असेल तर असं बंद प्लास्टर घालायचं नाही. आत पाय सडतो आणि बाहेर कळत नाही.

सुरुवातीला मामांनी प्रार्थना केली. योहानाच्या तेराव्या अध्यायातलं, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते, त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं. मग पाय धुतला. घट्ट्याचे कडक काठ मी ब्लेडनं उतरवले, कारण घट्टा म्हणजे जखमेभोवतीचा खडाच असतो.

साहेबांना पालथं झोपवून गुडघा आणि घोटा काटकोनात धरले. जखमेवर पातळ गॉज, बोटांच्या फटीत कापूस, वर होजिअरीचा मोजा. नडगीच्या धारेवर आणि दोन्ही घोट्यांवर फेल्ट, बोटांवर फोम. बाकी ठिकाणी गादी जवळजवळ नाहीच. या प्लास्टरचं सगळं बळ त्यात आहे. प्लास्टर पायाला सगळीकडे चिकटून बसलं की चवड्यावरचं वजन पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं. पट्टी ताणायची नाही, नुसती गुंडाळत जायची आणि तळहातानं चोळायची. बोटांनी दाबलं तर आत खळगा पडतो आणि तिथे नवी जखम होते. पाणी कोमट हवं. गरम पाण्यात प्लास्टर लवकर घट्ट होतं आणि तापतं. खाली लाकडी फळी आणि चालायची टाच बसवली. प्लास्टर पूर्ण वाळेपर्यंत दोन दिवस पाय टेकायचा नाही, असं बजावलं.

प्लास्टरमुळे उजवा पाय उंच झाला. तेवढ्याच जाडीचा तळ मामांनी डाव्या चपलेला त्याच दुपारी लावला. हे करायचं राहिलं की कंबर धरते, आणि डाव्या पायावर जास्त भार येऊन तोही फुटतो.

पहिलं प्लास्टर आठवड्याच्या आत बदललं. पायावर भार कमी झाला की सूज उतरते, प्लास्टर सैल होतं आणि पाय आत वरखाली घासतो. पुढची दर दोन आठवड्यांनी. साहेबांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं. जखम सातव्या आठवड्यात भरली.

बधिर पायाचं मांस रोग खात नाही. वेदना नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तमिळनाडूत वेल्लोर परिसरात कुष्ठरुग्णांबरोबर काम करताना दाखवून दिलं. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, तिथे हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठीही वापरलं गेलं. साहेब ते तरुणपणी शिकले होते. मामा त्यांच्याकडून.

नवीन जोड मामांनी नेहमीपेक्षा निराळा केला. आतला थर एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा, चिमटीत दाबला की निम्मा व्हावा असा. खाली टायरचा कडक तळ, त्याला चवड्याच्या हाडांमागे आडवा उंचवटा, म्हणजे पाऊल उचलताना चवडा मुडपत नाही. दोन्ही थरांना सोल्यूशन लावून, थोडं सुकू देऊन मगच चिकटवायचं. खिळा एकही नाही. झिजलेल्या तळातून वर आलेला खिळा बधिर पायाला कळत नाही. मागे पट्टा हवाच, नाहीतर चप्पल धरायला बोटं आवळली जातात. पहिल्या दिवशी दोन तास घालून काढायची. पायावर उमटलेली लाली वीस मिनिटांत गेली नाही तर तिथला पट्टा किंवा तळ सुधारायचा.

साहेब परतल्यावर दर रविवारी उपासनेनंतर मामांच्या नातीच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल असतो. आधी स्तोत्र, मग दोघं एकमेकांना तळवे दाखवतात: टाच, चवडा, बोटांच्या फटी. स्वतःचा तळवा स्वतःला नीट दिसत नाही, आणि या दोघांना तो कळतही नाही. मागच्या कॉलला साहेबांना मामांच्या डाव्या टाचेला भेग दिसली. वीस मिनिटं साध्या पाण्यात पाय भिजवा, कडा खरवडा, ओला असतानाच तेल लावा, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या रविवारी पहिल्यांदा तीच टाच दाखवायला लावली.