नास्बिनाल: गुरांच्या वाटेवरची वारी

फ्रान्समधील ल प्वी येथून स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे निघालेल्या पायी यात्रेकरूंना ओब्राकचे उघडेबोडके पठार ओलांडावे लागते, आणि त्या पठारावर सुमारे 1180 मीटर उंचीवर, जेमतेम पाचशे वस्तीचे नास्बिनाल हे गाव लागते. दगडी घरांच्या मधोमध अष्टकोनी मनोऱ्याचे जुने, रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीतले चर्च आहे. त्याच्या दाराशी एका स्तंभशीर्षावर धनुष्य ताणलेला नराश्व (अर्धा माणूस, अर्धा घोडा) आणि त्याच्यासमोर भालाधारी कोरलेला आहे. पाठीवरचे ओझे खाली ठेवून मी तो बराच वेळ पाहत राहिलो.

गावाने अर्धपुतळा मात्र उभारला आहे तो एका हाडवैद्याचा. पिएर ब्रियूद (1832–1907) हा रस्तादुरुस्तीवरचा साधा कामगार. निखळलेले सांधे बसवण्याच्या त्याच्या हातगुणामुळे दूरदूरचे रुग्ण या आडगावी येत. सेनापतींच्या पुतळ्यांपेक्षा हा पुतळा मला अधिक पटला, त्यातून माझे स्वतःचे गुडघे त्या वेळी कुरकुरत होते.

गावाबाहेर पडल्यावर वाट थेट कुरणांत शिरते. प्रत्येक कुंपणाचे फाटक उघडायचे, आत जायचे आणि आठवणीने लावून घ्यायचे, कारण पलीकडे काजळ घातल्यासारख्या डोळ्यांच्या पिंगट ओब्राक गाई वासरांसह चरत असतात. 25 मेच्या सुमारास त्या खालच्या गोठ्यांतून वर येतात आणि ऑक्टोबरच्या मध्याला परततात. पूर्वी हे सारे महिने गवळी ‘ब्युरों’ नावाच्या दगडी खोपटांत राहून तिथेच चीज करीत. गाय वासराशिवाय पान्हा सोडत नसे, म्हणून आधी वासराला पाजून मग धार काढली जाई. आता बहुतेक खोपटी ओस पडली आहेत आणि काहींत खाणावळी चालतात. या खाणावळींना नावे ठेवणारे सहयात्री मला भेटले. छप्पर कोसळण्यापेक्षा तिथे चूल पेटलेली बरी, असे माझे मत आहे.

अशाच एका चुलीवर आलिगो होताना पाहिला. उकडून घोटलेल्या बटाट्यात ताजे, न मुरलेले चीज घालून लाकडी उलथन्याने इतके घोटतात की उलथने उचलल्यावर हातभर लांब तार सुटते.

पुढे नऊएक किलोमीटरवर ओब्राक हे छोटे गाव आहे. तिथे बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा स्थापन झाली होती, आणि धुक्यात वा हिमवादळात वाट चुकलेल्यांसाठी तिथली घंटा वाजवली जाई. झाड नाही, खूण नाही अशा या माळावर धुके उतरले की तिची गरज किती होती, हे चालणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

नास्बिनाल ते सँ-शेली-द-ओब्राक हा सुमारे 17 किलोमीटरचा टप्पा 1998 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाला. त्याच्या अखेरीस जुना दगडी पूल आहे, आणि पुलावरच्या क्रुसाच्या पायथ्याशी काठी व जपमाळ घेतलेला एक यात्रेकरू कोरलेला आहे.