कुवेतहून: अमेरिकेवरचा राग येतो कुठून, आणि त्यातून बंदूक कधी निघते

कुवेतमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला सुरुवातीला एका गोष्टीचा मेळ लागत नाही. रस्त्यांवर जीएमसी आणि शेव्हरलेच्या अजस्र गाड्या. कॅम्प आरिफजान आणि इतर तळांवर मिळून तेरा हजारांच्या घरात अमेरिकी सैनिक. ऑफिसातल्या कुवेती साहेबाची पदवी पुष्कळदा अमेरिकेची. २६ फेब्रुवारीला मुक्तिदिनाची सुट्टी, कारण १९९१ साली अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनीच सद्दामच्या ताब्यातून हा देश सोडवला. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये गाझाचं युद्ध सुरू झाल्यानंतर याच देशात अमेरिकी नावाच्या बर्गर-कॉफीच्या दुकानांकडे लोकांनी पाठ फिरवली.

घरून फोन आला की मग हमखास विचारलं जातं, "त्यांच्या धर्मातच असेल ना हे?" किंवा "एवढं सुबत्तेत राहून राग कसला?" भारतात फिरणाऱ्या फॉरवर्डमध्ये राग आणि दहशतवाद एकाच पोत्यात भरलेले असतात, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं सविस्तर द्यायला हवीत. राग कोट्यवधींना आहे. शस्त्र उचलणारे मूठभर आहेत. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारी वाट फार वेळा तुरुंगातून गेली आहे.

आधी रागाचं वय पाहू. १९१९ साली ओटोमन साम्राज्य कोसळलं होतं. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइनमधल्या लोकांना पुढे काय हवंय हे विचारायला अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी हेन्री किंग आणि चार्ल्स क्रेन यांना पाठवलं. दोघं गावोगाव फिरले, त्यांच्याकडे १,८६३ अर्ज आले. बहुतेकांचं म्हणणं होतं, आम्हाला स्वातंत्र्य द्या. कोणाची तरी देखरेख टळणारच नसेल, तर ती अमेरिकेची असू द्या, फ्रान्सची नको. अमेरिका तेव्हा तिथे माहीत होती ती बैरूतमध्ये १८६६ साली मिशनऱ्यांनी काढलेल्या कॉलेजामुळे आणि विल्सन यांच्या स्वयंनिर्णयाच्या भाषणांमुळे. हा अहवाल १९२२पर्यंत प्रसिद्धच झाला नाही. ब्रिटन आणि फ्रान्सने १९१६च्या गुप्त साइक्स-पिको करारात प्रदेश आधीच वाटून घेतला होता, मक्केच्या शरीफ हुसेनला स्वतंत्र अरब राज्याचं आश्वासन दिलं होतं, आणि नोव्हेंबर १९१७मध्ये बाल्फोर जाहीरनाम्याने पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबाही दिला होता. जुलै १९२०मध्ये फ्रेंच सैन्य दमास्कसमध्ये शिरलं. त्याच वर्षी इराकमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला, तो विमानांतून बॉम्ब टाकून आणि हिंदुस्थानातून जादा कुमक आणून मोडला गेला.

यात आपलाही धागा आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या तुकडीचं नावच सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा इथे ती डिसेंबर १९१५पासून वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ला शरण गेली. इराकमध्ये त्यानंतर १९३२पर्यंत हिंदुस्थानी रुपया चालत होता, कुवेतमध्ये तर १९६१पर्यंत. कुवेतचा बराच व्यापारही मुंबईशी व्हायचा, त्यामुळे जुन्या कुवेती घराण्यांना मुंबई आपली वाटते.

अमेरिकेबद्दलची सद्भावना मात्र बऱ्याच अंशी १९५६पर्यंत टिकली. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी २६ जुलैला सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी हल्ला केला, आणि आयझेनहॉवर यांनी पौंडावर आर्थिक दबाव आणून ब्रिटनला माघार घ्यायला लावली. कैरोत तेव्हा अमेरिकेचं कौतुक झालं. आज दिसतो तो राग त्यानंतरचा, मुख्यतः १९६७नंतरचा. वेस्ट बँक आणि गाझा इस्राएलने घेतले, १९७३च्या युद्धात अमेरिकेने इस्राएलला विमानांनी शस्त्रं पोचवली, आणि सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा नकाराधिकार इस्राएलसाठी वर्षानुवर्षं वापरला जाऊ लागला.

धर्मामुळे राग, असं म्हणणाऱ्यांना दाखवावं असं एक सर्वेक्षण आहे. अरब बॅरोमीटर ही संस्था २०२३च्या शरद ऋतूत ट्युनिशियात सुमारे २,४०० लोकांच्या मुलाखती घेत होती. ७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला आणि गाझावरची बॉम्बफेक सुरू झाली तेव्हा निम्म्याच्या आसपास मुलाखती झाल्या होत्या. प्रश्नावली तीच राहिली, देश तोच, माणसांचा धर्म तोच. आधी सुमारे ४० टक्के लोक अमेरिकेबद्दल बरं बोलत होते. काही आठवड्यांत तो आकडा १० टक्क्यांच्या आसपास आला. श्रद्धा तीन आठवड्यांत बदलत नाहीत. त्या दिवसांत बदललं होतं ते टीव्हीवर दिसणारं दृश्य आणि त्यामागे उभ्या असलेल्या देशाचं नाव.

हा प्रश्न लोकांच्या घरापर्यंत कसा येतो ते एका कागदावरून कळतं. आपल्यासोबत काम करणाऱ्या पॅलेस्टिनींकडे साधारण तीन प्रकारची कागदपत्रं असतात: जॉर्डनचा पासपोर्ट, पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा पासपोर्ट, किंवा इजिप्तने दिलेली 'वथीका'. वथीका म्हणजे निर्वासितांचा प्रवासाचा दाखला, गाझाच्या घराण्यांकडे असतो तो. तो इजिप्तचा असला तरी त्यावर इजिप्तमध्ये राहण्याचा हक्क मिळत नाही, आत जायलाही परवानगी काढावी लागते. आखातात अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीवर अवलंबून असतो हे आपण सगळे जाणतो. आपली नोकरी गेली तर सामान बांधून साताऱ्याला किंवा रत्नागिरीला जाता येतं. वथीकावाल्याची नोकरी गेली की त्याला जायला देशच नसतो. त्याच्या तोंडी अमेरिकेचं आणि ब्रिटनचं नाव येतं तेव्हा तो परराष्ट्र धोरणावर वाद घालत नसतो, स्वतःच्या मुलांच्या कागदपत्रांबद्दल बोलत असतो.

दुसरी मोठी जखम इराकची, आणि तिची यंत्रणा समजून घ्यायला हवी. ऑगस्ट १९९०मध्ये संयुक्त राष्ट्रांनी इराकवर संपूर्ण व्यापारबंदी घातली. १९९१च्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रं गेली. वीज नाही म्हणून पाणी शुद्ध करणारे पंप बंद, मैला सरळ नदीत. दुरुस्तीचे सुटे भाग आणि क्लोरीन युद्धालाही वापरता येईल या कारणाने अडवलं किंवा मोजून दिलं जाई. त्यातून हगवण आणि विषमज्वर पसरला, आणि औषधांचा तुटवडा होताच. शिक्षकाचा महिन्याचा पगार काही डॉलरांवर उतरला. तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना प्रत्यक्षात यायला १९९६चा डिसेंबर उजाडला. संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले मदतप्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २०००मध्ये निषेध म्हणून राजीनामे दिले. पाच लाख मुलं दगावली हा तेव्हाचा प्रसिद्ध आकडा फुगवलेला होता, सद्दामच्या सरकारने पाहणीत फेरफार केला होता, हे पुढच्या अभ्यासांत दिसून आलं. पण १९९६ साली अमेरिकी टीव्हीवर तोच आकडा समोर ठेवून विचारलं गेलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांनी तो खोडला नाही. एवढी किंमत मोजणं योग्यच आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं. पुढे त्यांनी त्याबद्दल पश्चात्तापही व्यक्त केला. अरब जगात मात्र ते उत्तरच लक्षात राहिलं. इथे कुवेतमध्ये सद्दामबद्दल कुणालाही कणव नाही, पण इराकी मुलांचा विषय निघाला की इथलेही लोक गप्प होतात.

इतका राग असूनही बहुसंख्य माणसं सकाळी उठून कामावर जातात. मग बंदूक कोण उचलतं? गरिबी हे उत्तर पुरत नाही. बिन लादेन बांधकाम व्यवसायातल्या गडगंज घरातला, त्याचा अल-कायदातला साथीदार जवाहिरी कैरोच्या मादी उपनगरातला शल्यचिकित्सक, ११ सप्टेंबरच्या अपहरणकर्त्यांचा म्होरक्या मोहम्मद अत्ता वास्तुविद्या आणि नगररचना शिकलेला. ११ सप्टेंबरच्या १९ अपहरणकर्त्यांपैकी १५ सौदी होते. शिकलेल्यांची कोंडी हा भाग जास्त खरा आहे. नासर यांनी साठच्या दशकात प्रत्येक पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली; नव्वदच्या दशकात त्या रांगेत दहा वर्षांहून जास्त थांबावं लागत होतं. राजकारणाचा दरवाजाही बंद. अल्जीरियात डिसेंबर १९९१च्या पहिल्या फेरीत इस्लामी पक्ष जिंकत होता, जानेवारी १९९२मध्ये लष्कराने निवडणूकच रद्द केली, आणि पुढच्या दशकात यादवीत लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माणसं मेली. पाश्चात्त्य सरकारांनी तेव्हा लोकशाहीसाठी आवाज उठवला नाही, हे इथे कुणी विसरलेलं नाही.

आणि मग तुरुंग. जिहादी विचारांवर मोठा प्रभाव असलेले इजिप्तचे लेखक सय्यद कुत्ब यांचं लिखाण सर्वांत कडवं झालं ते नासर यांच्या तुरुंगात, तिथल्या छळानंतर. १९६६ साली त्यांना फाशी दिली. जवाहिरीने इजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्या १९८१च्या हत्येनंतर तुरुंगात छळ सोसला. पुढे इराकमधल्या अल-कायदाचा म्होरक्या झालेला झरकावी हा जॉर्डनमधल्या झरका शहरातला गुंड. त्याला विचारांची धार लावली सोबतच्या कैद्याने, अबू मुहम्मद अल-मकदिसीने. हा मकदिसी मूळचा नाब्लुसजवळचा, पण वाढला कुवेतमध्ये. १९९०पूर्वी इथे चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी होते, हवल्ली भाग त्यांनीच गजबजलेला असे. अराफत यांनी सद्दामची बाजू घेतल्याचा सूड म्हणून मुक्तीनंतर त्यांतल्या बहुतेकांना देश सोडावा लागला आणि ते जॉर्डनला गेले. मकदिसीही तिथे पोचला, पकडला गेला, आणि तुरुंगात झरकावी त्याच्यासोबत होता. १९९९च्या राजेशाही माफीत दोघं सुटले.

अमेरिकेने २००३नंतर इराकमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं. मे २००३मध्ये इराकचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या पहिल्या आदेशाने सद्दामच्या बाथ पक्षाचे वरिष्ठ सदस्य सरकारी नोकरीतून काढले, दुसऱ्या आदेशाने लष्कर बरखास्त केलं. लाखो प्रशिक्षित माणसं शस्त्रांसह आणि पगाराविना घरी बसली. उम्म कस्रजवळच्या कॅम्प बुका तुरुंगात एका वेळी वीस हजारांपर्यंत कैदी होते. किरकोळ संशयावर पकडलेला तरुण, मुरलेला जिहादी आणि सद्दामचा माजी अधिकारी एकाच आवारात महिनोन्‌महिने राहायचे. नावं, गावं, फोन नंबर यांची देवाणघेवाण तिथे झाली. पुढे इस्लामिक स्टेटचा म्होरक्या झालेला अबू बक्र अल-बगदादी २००४मध्ये काही महिने तिथेच होता. इस्लामिक स्टेटकडे एवढं शिस्तबद्ध लष्करी डोकं आलं कुठून, याचं बरंचसं उत्तर त्या आवारात आहे.

तरी सगळं खापर पश्चिमेच्या माथी मारणं अप्रामाणिकपणाचं होईल. विचारसरणीला स्वतःचं बळ असतं, आणि १९७९नंतर सौदी पैशावर जगभर पोचलेल्या कर्मठ शिकवणीने तिला खतपाणी घातलं. ट्युनिशियात २०११नंतर लोकशाही आली, तुरुंग उघडले, आणि तरी तिथले हजारो तरुण सीरियाला गेले. २६ जून २०१५ला कुवेत शहरातल्या इमाम सादिक मशिदीत शुक्रवारच्या नमाजात स्फोट होऊन २७ जण मेले. मारेकरी सौदी, मेलेले शिया नमाजी. त्यांचा अमेरिकेशी काय संबंध होता? अरब राज्यकर्त्यांनीही या रागाचा वापर करून घेतला आहे: राजवाड्याबद्दल अवाक्षर काढलं तर तुरुंग, पण अमेरिकेला आणि इस्राएलला शिव्या द्यायला वर्तमानपत्रं मोकळी. असा राग वर्षानुवर्षं पाळला की तो वाढतोच.

आता इथे राहणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. बहिष्काराची झळ आपल्या लोकांनाही बसते. मार्च २०२४मध्ये स्टारबक्सची या भागातली फ्रँचायझी चालवणाऱ्या कुवेतच्या अलशाया समूहाने दोन हजारांच्या आसपास माणसं कमी केली. अशा दुकानांत काउंटरमागे उभे असतात ते बहुतेक भारतीय, फिलिपिनो, नेपाळी. त्यामुळे अमेरिकी ब्रँडच्या दुकानातली नोकरी घेताना अकामा कुणाच्या नावावर आहे आणि समूहाच्या दुसऱ्या दुकानात बदली मिळू शकते का, हे सही करण्याआधी विचारा.

दिवानियात, म्हणजे कुवेती घरातल्या पुरुषांच्या बैठकीत, किंवा जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला तर ऐकून घ्या. "तुम्ही तरी किती दिवस धरून बसणार" असं वाक्य चुकूनही नको. जॉर्डनच्या पासपोर्टवाल्याला गाव विचारलंत तर तो आजोबांनी १९४८मध्ये सोडलेलं गाव सांगेल; तिथे "पण तू तर अम्मानचा ना" म्हणून त्याला दुरुस्त करू नका. इराकी आणि कुवेती सहकारी दोघंही समोर असतील तर १९९०चा विषय तुम्ही काढू नका.

सहानुभूती कितीही असली तरी मोर्चात जाऊ नका. परदेशी नागरिकांना कुवेतमध्ये निदर्शनांना बंदी आहे. जून २०२२मध्ये फहाहीलला शुक्रवारच्या नमाजानंतर पैगंबरांबद्दलच्या भारतातल्या वक्तव्याविरुद्ध परदेशी लोक जमले, तेव्हा सरकारने त्यांना देशाबाहेर काढण्याचा आदेश काढला, म्हणजे मुद्दा इथल्या सरकारला मान्य असूनही. अमिरातीत जुलै २०२४मध्ये स्वतःच्या देशातल्या सरकारविरुद्ध घोषणा दिल्याबद्दल ५७ बांगलादेशींना शिक्षा झाली, तिघांना जन्मठेप. सप्टेंबरमध्ये माफी मिळाली आणि ते सुटले, पण नोकऱ्या गेल्याच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये भारतातून येणारे मुसलमानांविरुद्धचे किंवा युद्धाबद्दलचे व्हिडिओ पुढे ढकलू नका, स्टेटसला तर मुळीच लावू नका. तक्रार झाली तर तुम्ही लिहिलंय की नुसतं पुढे पाठवलंय, असा फरक पोलिस ठाण्यात करत बसत नाहीत.