आधी ॲव्हिल की ॲड्रिनलिन?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम लागला की आमच्या आरोग्य केंद्रात मधमाशी चावलेले लोक येऊ लागतात. बहुतेकांना नुसती सूज असते. काटा खरवडून काढायचा, थंड पाण्याची घडी ठेवायची, झालं. त्या दुपारी आलेली बाई मात्र बाकड्यावर बसता बसताच कलंडली. अंगभर गांध्या, ओठ सुजलेले, आवाज घोगरा, रक्तदाब ७०/४०.

"डॉक्टरबाई, हिला गेल्या वर्षी पण चावलेली. तेव्हा कायच झालं नाही," नवरा सांगत होता.

गोम तिथेच होती. मधमाशीच्या विषातलं मुख्य ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी उठवणारा घटक, म्हणजे फॉस्फोलायपेज ए२, हे स्वतःच एक एन्झाइम. आधीच्या डंखानंतर शरीर अशा ॲलर्जनविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं आणि ती मास्ट पेशींना, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींना, चिकटून बसतात. पुढच्या खेपेला विष येऊन शेजारशेजारच्या आयजीईंना एकत्र जोडतं. मग पेशीच्या आत लिन हे एन्झाइम कामाला लागतं, त्यापाठोपाठ सिक, मग फॉस्फोलायपेज सी. कॅल्शियम चढतं आणि हिस्टामाइनने भरलेले कण पेशीबाहेर रिते होतात. सगळा खेळ काही मिनिटांचा.

सिस्टर ॲव्हिल हे ॲलर्जीचं औषध आणि डेक्सा हे स्टेरॉइड भरायला लागली होती. ही सवय सगळीकडे आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. ॲव्हिल फक्त हिस्टामाइनचं रिसेप्टर अडवतं. ल्युकोट्राइनसारखी बाकीची रसायनं मोकळीच राहतात, पडलेला रक्तदाबही त्याने उठत नाही. डेक्सा जनुकांमार्फत काम करतं, त्याला तास लागतात. मी ॲड्रिनलिन मागितलं, अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका सैल करतं. शिवाय मास्ट पेशीतल्या ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला चालना देऊन सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतं, म्हणजे उरलेला साठा बाहेर पडायला तिथेच खीळ बसते.

पाय उंच, ऑक्सिजन, सलाइन. पाच मिनिटांनी दुसरा डोस. त्यानंतर रक्तदाबाचा वरचा आकडा ९६ झाला आणि बाईंनी पाणी मागितलं.

तासाभराने ट्रिप्टेजसाठी रक्त काढलं. तेही मास्ट पेशीतलंच एन्झाइम, ॲलर्जीच्या अशा झटक्यानंतर एक-दोन तासांत रक्तात सर्वांत जास्त सापडतं.

रात्रभर ठेवून घ्यायचं म्हटल्यावर नवरा कुरकुरला. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडाखाली कुजतील, फेणीची भाटी कोण बघणार? पुन्हा माशी न चावताही काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, हे समजावलं. तो एकटाच बागायतीकडे गेला, बाई थांबल्या.