स्मरणचित्राचा पेपर आणि इरकलीचा पदर

आमच्या वेळी आपल्या या शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे जादा तास शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या हॉलमध्ये होत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. बाहेर सोलापूरच्या पूर्वभागातल्या मागांची खटखट चालू असायची आणि आत आम्ही पोस्टर कलर पातळ करत बसायचो. स्मरणचित्राला विषय ठरलेले: जत्रा, बसस्थानक, भाजीबाजार. वर्गातल्या प्रत्येकाच्या बसस्थानकावर डावीकडे झाड, उजवीकडे एसटी आणि मध्ये पिशवी घेतलेला माणूस. सर कागद उलटसुलट करून म्हणायचे, "हे स्मरण नाही, गाइड आहे. तू गेली होतीस का तिथं? मग तुला काय दिसलं ते काढ. आठवत नसेल तर ती जागा मोकळी सोड." मोकळी जागा ठेवली की मार्क जातात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही होतं.

पुढे मी मुंबईला टेक्स्टाइल डिझाइन शिकायला गेले. शेवटच्या वर्षाला स्वतःचं कलेक्शन करायचं असतं आणि आमच्या वर्षाला विषय मिळाला 'प्रवास'. मुलींनी मूडबोर्डवर, म्हणजे विषयाची चित्रं चिकटवायच्या फळीवर, जैसलमेर, लडाख, एकीने तर व्हेनिस लावलं. माझ्याकडे लावायला एकही फोटो नव्हता. आमचा प्रवास म्हणजे दरवर्षी पौषात, शाकंभरी पौर्णिमेला, बदामीजवळच्या बनशंकरीला. आमची कुलदेवी. आई, आजी, अक्का आणि मी. कॅमेरा घरात नव्हता, आणि असता तरी आईने तो पिठाच्या डब्यातच ठेवला असता.

सोलापूरहून विजापूर-बागलकोटकडे जाणारी लाइन तेव्हा मीटरगेज होती. होटगी सुटली की भीमा, मग इंडी रोड, विजापूर, अलमट्टी, बागलकोट, गुळेदगुड्ड रोड, बदामी. खिडकी अक्काची. ती माझ्यापेक्षा मोठी, त्यामुळे हक्क तिचा आणि माझ्या वाट्याला तिच्या खांद्यावरून दिसेल तेवढं. पौषात बाहेर नुसती ज्वारी. हुरड्यात आलेली, काळ्या रानात छातीपर्यंत उभी. बनशंकरीला देवळाबाहेर बायका टोपलीत कडक भाकऱ्या, शेंगाचटणी आणि दही घेऊन बसतात. ते जेवण मला देवीपेक्षा जास्त आठवतं, हे आईला सांगितलं नाही.

फोटो नसल्यामुळे मी अक्काला फोन करायला लागले. ती लग्न होऊन विजापूरलाच दिली होती. मी वही घेऊन बसायची आणि विचारायची, डब्यातली बाकं कसली होती, तळ्याच्या पायऱ्या कुठल्या बाजूला, आजीचं लुगडं कुठल्या रंगाचं. इथे अडलं. मला हिरवं आठवत होतं, अक्का म्हणाली, "हिरवं कुठलं गं, जांभळं होतं की!" असा वाद आठवडाभर चालला. शेवटी आईने निकाल दिला की ते लुगडं आजीचं नव्हतंच, शेजारच्या काकूंचं मागून नेलेलं होतं. रंगाबद्दल मात्र ती काही बोलली नाही.

मी दोन्ही घ्यायचं ठरवलं. गुळेदगुड्डचा खण ज्यांनी नीट पाहिला आहे त्यांना हे कळेल. खणात ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कापड हलवलं की रंग पालटतो. आपण धूपछाव म्हणतो ते. माझा हिरवा ताण्याला, अक्काचा जांभळा बाण्याला. सुट्टीत सोलापूरला येऊन पूर्वभागातल्या एका हातमागवाल्या मामांकडे सॅम्पल लावलं. टॉवेलला वापरतात तसल्या जाड सुतावर ते आलं राखेसारखं. जाड, बिनचमकीच्या सुतात दोन विरोधी रंग शेजारी बसले की डोळा त्यांचं मिश्रण करून टाकतो. मामांनी ते बोटात धरून पाहिलं आणि नुसतं "बारीक घ्या" म्हणाले. मग ८० काउंटचं दुपदरी मर्सराइज्ड सूत घेतलं. मर्सराइज केलेल्या धाग्याला चमक असते, त्यामुळे उजेड एका बाजूने आला की ताणा पुढे येतो, दुसऱ्या बाजूने आला की बाणा. राखेचं सॅम्पल मी फेकलं नाही. भीमेच्या काठची उन्हाळ्यातली जमीन दाखवायला तेच कामाला आलं.

मग अक्का म्हणाली, घरात बसून काय आठवतेस, चल. त्या वेळी आम्ही दोघीच गेलो, पहिल्यांदा आईशिवाय. बागलकोटला उतरलो तर जुन्या गावाचा बराच भाग अलमट्टी धरणाच्या फुगवट्यात गेलेला, लोक नवनगरात राहायला गेलेले. ज्या पेठेतून आई खण घ्यायची ती अक्काला सापडेना. पाणी उतरत गेलेल्या काठावर मातीचे पट्टे पडले होते, वरचा फिका, खालचा ओला काळा. ते मी तिथेच वहीत रंगवले आणि नंतर जसेच्या तसे शालीच्या लांबीत घेतले. तो एक नग बघून परीक्षक म्हणाले, फार साधा आहे. असू दे.

इलकलला मात्र आम्ही दिवसभर एका विणकराच्या घरात बसलो. सोलापूरकर इरकल म्हणतात ती साडी आपल्याकडच्या प्रत्येक म्हातारीच्या अंगावर होती, पण तिचा पदर वेगळा ताणून मूळ ताण्याला जोडलेला असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. अंगाचा ताणा सुती असला तरी पदराचा रेशमी. दोन्हींचे धागे फासे करून एकमेकांत अडकवतात. त्याला तोपतेणी म्हणतात. प्रत्येक साडीला ही जोडणी नव्याने. त्या घरात दोघी समोरासमोर बसून हे करत होत्या आणि मधूनमधून भांडत होत्या. अक्काने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या पदरावर फणीचे दाते असतात, किल्ल्याची तटबंदी असते, डोंगराची रांग असते आणि ज्वारीचं कणीस असतं. मी खिडकीतल्या ज्वारीसाठी मोटिफ शोधत डझनभर कागद घालवत होते आणि ती कितीतरी पिढ्यांपूर्वी कोणीतरी पदरावर विणून मोकळं झालं होतं. मग माझ्या ज्वारीची गरज काय? मी कणीस काढलंच नाही. फक्त ताटांच्या उभ्या रेघा घेतल्या, आणि एका बाजूचा पाऊण भाग गडद ठेवला, कारण तिथे अक्काचा खांदा होता.

बदामीचा तांबडा दगड छापाच्या कापडात आला. तिसऱ्या लेण्यात ५७८ सालचा शिलालेख आहे, खांबांवरची नक्षी तर कुठल्याही विद्यार्थ्याला आयता खजिना. तो मी घेतला नाही. मला तिथलं माकडाने हिसकावलेली भाकरी आणि दगडाचे आडवे थर एवढंच आठवत होतं. भाकरी शिक्षकांनी वगळायला लावली, थर राहिले.

गोलघुमटावर आमचं पुन्हा वाजलं. लहानपणी वरच्या सज्जात अक्का पलीकडे उभी राहून माझं नाव कुजबुजली होती आणि ते भिंतीला कान न लावता मला ऐकू आलं होतं. तिथे एक आवाज सात वेळा घुमतो असं गाइड सांगतात आणि अक्का अजून सातच म्हणते. मला पाच ऐकू आले होते. सतरंजीवर तोच ठिपक्यांचा गोल पाच वेळा, दर वेळी विरळ होत गेलेला, मी विणला. पुढची जागा मोकळी ठेवली. तोंडी परीक्षेत विचारलं, इथे रिपीट का तोडला? मी सांगितलं की पुढचं मला ऐकू आलं नाही. बाहेरून आलेले परीक्षक हसले आणि पुढच्या नगाकडे वळले. मार्क गेले की मिळाले, कळलं नाही.

त्या कलेक्शनवर मला पहिली नोकरी मिळाली, पडदे आणि चादरींच्या कारखान्यात. तिथे मोकळी जागा कोणी विकत घेत नाही, मीटरभर कापडात मीटरभर डिझाइन लागतं. तरी नवीन मुलं हाताखाली आली की मी त्यांना फोनमधले फोटो बंद करून आधी आठवणीतून काढायला लावते. ती कुरकुरतात. आम्हीही कुरकुरायचो.

शाळेच्या महोत्सवाच्या प्रदर्शनात ते सगळे नग चित्रकलेच्या हॉलमध्ये लावणार आहेत असं समितीने कळवलंय. अक्काही याच शाळेची, ती विजापूरहून येणार आहे. हिरव्या-जांभळ्या कापडासमोर ती उभी दिसली तर तिला रंग विचारू नका, तुमचं जेवण राहील.