स्थळ बघून आलो

आज सकाळी स्थळ बघायला गेलो होतो. स्थळ म्हणजे सेकंडहँड रायफल! पेनसिल्व्हेनियात राहून दहा वर्षं झाली, हरणाच्या रायफल-शिकारीचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतर सुरू होतो, आणि यंदा शेजाऱ्याची उसनी मागायची नव्हती.

विंचेस्टर मॉडेल ७०, .३०-०६ काडतुसाची. मालक म्हणाला १९६४ च्या आधीची आहे. या मॉडेलमध्ये तिथेच सगळी मेख असते, कारण त्या वर्षी कंपनीने रचना बदलली आणि लोकांना जुनीच हवी असते. बोल्ट (काडतूस आत सरकवणारा मागचा दांडा) उघडला. काडतुसाची कड धरणारी लांब पोलादी पट्टी, म्हणजे जुन्या रचनेची खूण, दिसली, तेव्हा जीव थोडा भांड्यात पडला.

आधी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे ना, डोळ्यांनी आणि बोटानेही पाहिलं. मग सेफ्टी मधल्या खाचेवर आणून बोल्ट बाहेर काढला आणि मागून नळीत बघितलं, पुढे टॉर्च धरून. आतल्या पिळाच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या, कडा छान धारदार. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं फिरवलं तर हिरवट-निळं निघालं, म्हणजे गोळ्यांचं तांबं साचलेलं. ते साफ होतं, गंजाने पडलेले खड्डे मात्र जात नाहीत. नळीच्या तोंडाची कडही नखाने चाचपली, कुठे ठेच नाही.

मग दस्ता. बोल्टच्या शेपटामागे लाकडात केसाएवढी रेघ! ओरखडा म्हणावं, तर बोटाने दाबल्यावर हलली, म्हणजे तडाच. त्यात खालच्या स्क्रूंची डोकी चावल्यासारखी. कुणीतरी चुकीच्या पेचकसाने झटापट केलेली.

मालकाचे अकराशे डॉलर, माझे साडेआठशे. त्याने कॉफी दिली, किंमत सोडली नाही. शनिवारी परत जातोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही, कृपया इथे टॅग करू नका.