पळवला की स्वतःच गेला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर वाचनालयाच्या काउंटरमागच्या माणसानं पुस्तकांवर फार बोलू नये या मताचा मी आहे. सांगलीत विश्रामबागेत माझं छोटं वाचनालय आहे, बावीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीपासून दिवसाआड कोणीतरी विचारतंच, "ती अपहरणाची कादंबरी लोकांना आवडली का हो? नेऊ का?"

कादंबरी अशी. मतदान तीन आठवड्यांवर आलेलं असताना एका पक्षाचा अध्यक्ष भर दुपारी हमरस्त्यावरून पळवला जातो. तुरुंगातले आमचे तिघे सोडा, नाहीतर माणूस विसरा, अशी चिठ्ठी येते. पुढे नऊ दिवस आणि तीनशे दहा पानं.

नेऊ का, तर न्या. आवडली का, ते जरा अवघड आहे.

माझे वाचक समासात पेन्सिलनं शेरे मारतात. मी ते खोडत नाही, पेननं मारले तर मात्र दंड घेतो. अध्यक्षाची रिकामी गाडी सापडते त्या पानावर कोणीतरी लिहिलंय, "स्वतःच गेला." खाली दुसऱ्या अक्षरात, "१०० टक्के." त्याखाली आणखी कोणीतरी, "पोरगा पण सामील." लेखकाच्या मनात यातलं काहीच नाही. त्याचा अध्यक्ष खराखुरा पळवलेला आहे, मार खातो, रात्री रडतो. पण आमची मंडळी शेवटच्या पानापर्यंत वाट बघत बसली, की आता हा हसत बाहेर येणार. आला नाही. निम्मे लोक फसवल्यासारखं तोंड करून पुस्तक परत द्यायला आले. मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते म्हणाले, "त्यात रहस्यच न्हाई ओ. खरंच पळवलाय त्येला!"

त्यांचं तरी काय चुकलं? सरपंचाची, सभापतीची निवड जवळ आली की आपल्याकडे सदस्य 'सहलीला' जातात. घरचे पोलिसांत जाऊन पळवून नेल्याची तक्रार देतात आणि संध्याकाळपर्यंत त्या सदस्याचा व्हिडिओ येतो, मी स्वखुशीनं देवदर्शनाला आलोय. मोठ्या पातळीवरही तेच. २००२ मध्ये विश्वासदर्शक ठरावाच्या आधी महाराष्ट्रातले आमदार बंगळुरूला नेऊन ठेवले होते. जून २०२२ मध्ये सुरत झालं, मग गुवाहाटी झालं. सुरतच्या वाटेवरून निसटलो, पावसात चालत आणि मिळेल त्या वाहनाला हात करत परत आलो, असं एका आमदारांनी स्वतः सांगितलं. बाकीचे सांगत होते, आम्ही आनंदात आहोत. हे सगळं ज्यानं जेवता जेवता टीव्हीवर पाहिलंय, त्याला खुर्चीला बांधलेला अध्यक्ष एकदम कसा पटावा?

दुसरी तक्रार सुटकेच्या प्रकरणाची. तिथे अध्यक्ष एकटाच दोर सोडवतो, दोन पहारेकऱ्यांना लोळवतो आणि ओरखडाही न येता सुटतो. आमचे एक सत्तरी उलटलेले सभासद यावर अजून चिडलेले आहेत. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला, ती गोष्ट त्यांनी वडिलांकडून ऐकलेली. तटावरून उड्या, मागे पोलीस, साथीदार मारले गेले, दादांना गोळी लागली. "आणि ह्याला साधं लंगडायला पण लावलं न्हाई," असं म्हणून त्यांनी पुस्तक काउंटरवर आपटलं. सांगलीकराला सुटका सांगायची तर जरा जपून सांगावी.

सर्वात नेमका आक्षेप भिशीच्या बायकांचा. दुसऱ्या प्रकरणात अध्यक्षाला शुगर आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी लागते, असं लिहिलंय. मग नऊ दिवस त्या गोळ्या गेल्या कुठे? एकीनं तर लेखकाला पत्र लिहिते म्हणून पत्ता मागितला.

माझं मत विचाराल तर मी या कादंबरीच्या मधल्या शंभर पानांवर भाळलोय. तिथे पक्षाची बैठक आहे. अध्यक्षाला सोडवायचं कसं यावर बोलणं सुरू होतं आणि हळूहळू प्रचाराच्या पत्रकावर त्याचा फोटो केवढा छापायचा इथे येऊन थांबतं. त्याची सहानुभूती सगळ्यांना हवी आहे, तो परत आला तर मात्र तिकिटवाटप नव्यानं करावं लागेल. हे कोणी बोलत नाही. चहा येतो, कोणीतरी बिनसाखरेचा मागतो आणि सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघतात.

अतिशयोक्ती वाटली असेल तर इटलीचं आठवा. १६ मार्च १९७८ ला रोममध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांना रेड ब्रिगेड्स या अतिडाव्या सशस्त्र गटानं पळवलं. पाच अंगरक्षक मारले. मोरो ५५ दिवस कैदेत होते. तिथून त्यांनी पत्रामागून पत्रं लिहिली, बोलणी करा म्हणून. सरकार वाटाघाटी करणार नाही म्हणालं, आणि त्यांचेच सहकारी म्हणू लागले की या पत्रांतले मोरो आमच्या ओळखीचे नाहीत. ९ मे ला एका लाल रेनो गाडीच्या डिकीत त्यांचा मृतदेह मिळाला. आपल्याकडे डिसेंबर १९८९ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांची मुलगी श्रीनगरमध्ये पळवली गेली, तेव्हा पाच दिवसांत पाच अतिरेकी सोडले आणि ती घरी आली. कोणासाठी सरकार किती वाकतं, हे आधी सांगता येत नाही.

आणि पुण्यातला म्हात्रे पूल. आपण त्यावरून शंभरदा गेलो असू. रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅममध्ये काम करणारे भारतीय अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ ला मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी निघाले असताना त्यांना पळवलं. मागणी होती तुरुंगात असलेल्या काश्मिरी फुटीरतावादी मकबूल बटच्या सुटकेची. दोनच दिवसांत म्हात्र्यांना मारलं, आणि ११ फेब्रुवारीला बटला तिहारमध्ये फाशी झाली. हे मी काउंटरवर सांगतो तेव्हा लोक क्षणभर गप्प होतात आणि मग विचारतात, त्या पुलाला म्हणून ते नाव होय?

राहता राहिलं सर्वात भारी मत. जवळच्या एका गावचे ग्रामपंचायत सदस्य उपसरपंचाच्या निवडीआधी सहलीला जाताना हीच कादंबरी घेऊन गेले होते. अकरा दिवस उशिरा परत आले, दंड कटकट न करता भरला. पुस्तकात खुणेला रिसॉर्टचं नाश्त्याचं कुपन होतं. खूण त्या बैठकीच्याच पानावर.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"एवढंच खरं हाय बगा," ते म्हणाले. "आमचे बी मोबाइल काढून घेतले हुते. पण टीव्ही चालू हुता, त्यात दिसलं की गावात फटाके वाजायला लागलेत. आमी आत असतानाच."