घोडबंदरच्या उतारावर चौदा घरं

जमीन चौघा भावांची, वडिलोपार्जित; मी त्यांची आर्किटेक्ट. ठाण्याचा घोडबंदर रोड सोडून आत वळलं की येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी एक अरुंद सपाट पट्टी आणि तिच्यामागे चढत गेलेला उतार. चार घरं भावांना, बाकीची विकून बांधकामाचा खर्च काढायचा, एवढा साधा हिशेब. पहिल्याच बैठकीत थोरल्यांनी सातबारा पुढे केला. "मॅडम, एफएसआय किती बसतो, म्हणजे जमिनीवर एकूण किती बांधकाम करता येतं, ते सांगा." मी म्हटलं, "दादा, आधी बांधण्याजोगी जमीन किती उरते ते बघू." त्यांचा चेहरा जरा उतरलाच.

डोंगरालगतच्या जमिनीत आधी दोन गोष्टी बघायच्या. एक, सातबाऱ्याच्या 'इतर हक्का'त खाजगी वनाची नोंद आहे का; असली तर जमीन वन ठरते आणि बांधकाम अडतं. १९७५च्या कायद्याखालच्या या नोंदीने मुलुंड-ठाण्यात किती लोक अडकले होते आणि ३० जानेवारी २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यातले किती सुटले, हे इथल्या आर्किटेक्टला वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी, ५ डिसेंबर २०१६च्या अधिसूचनेने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती आखलेला इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा. तो काही ठिकाणी शंभर मीटर आहे, तर काही ठिकाणी चार किलोमीटर, त्यामुळे शेजारच्या प्लॉटवर इमारत उभी आहे हा काही पुरावा नव्हे. आमच्या जमिनीवर यातलं काही निघालं नाही.

मग टोटल स्टेशन (अंतर आणि उंची मोजणारं यंत्र) लावून सर्व्हे केला, उंचीच्या दर एक मीटरला कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढल्या. २०२०च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नाही. म्हणजे नकाशावर दोन कंटूररेषांमधलं अंतर पाच मीटर किंवा कमी भरलं, की तिथे लाल पेन्सिल. भावांना बोलावून हे मी त्यांच्यासमोरच केलं, पट्टी त्यांच्या हातात दिली. वरचा जवळजवळ तिसरा हिस्सा लाल झाला. ज्यांनी स्वतः मोजलं ते नंतर त्यावर कधी भांडले नाहीत, हा या कामातला माझा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा निर्णय.

उरलेल्या भागात कंटूररेषा एका ठिकाणी ओळीने आत वळलेल्या दिसत होत्या. तो ओहोळ. सातबाऱ्यावर नाही, विकास आराखड्यावर नाही, एप्रिलमध्ये तिथे नुसता पाचोळा. "पाइप टाकू आणि वरून भर घालू," धाकटे म्हणाले. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. डोंगरातून पानं, दगड, माती घेऊन येणाऱ्या पाण्यापुढे पाइप एका रात्रीत चोंदतो. ओहोळ उघडाच ठेवला, दोन्ही काठांना दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, दिलं आणि घरांच्या ओळी तिथे तोडल्या.

मेमध्ये जेसीबीने चाचणीचे खड्डे घेतले होते. वर लाल माती, मग पिवळट मुरूम, खाली काळा पाषाण. जुलैत पाऊस उघडून दोन दिवस झाल्यावर स्ट्रक्चरल इंजिनियरला घेऊन गेले. वरच्या खड्ड्याच्या भिंतीत मुरूम संपून पाषाण लागतो, नेमक्या त्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. नितळ, मातीचा कण नाही. वरचं पाणी मुरमातून उतरतं, पाषाणाला अडतं आणि त्याच्या पाठीवरून सरकत येतं. डोंगर कापून घराची मागची भिंत तिथेच लावली असती, तर सगळं पाणी त्या भिंतीवर आलं असतं. म्हणून संरक्षक भिंत आणि घर यांच्यात मीटरभर मोकळी गल्ली ठेवली. भिंतीमागे खडीचा थर आणि जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), भिंतीत ठरावीक अंतरावर वीप होल, म्हणजे पाणी बाहेर काढणारी भोकं, त्यांचं पाणी गल्लीतल्या गटारात.

एकच उंच भिंत घालायला ठेकेदार उत्सुक होता, 'जागा वाचते' म्हणून. जागा वाचते हे खरं, पण उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा मातीचा एकूण रेटा चौपट होतो. आम्ही दोन-सव्वादोन मीटरच्या टप्प्यांच्या भिंती केल्या. घरामागे आरसीसी, बाहेरच्या बाजूला गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या.

डोंगरावर मी प्लॅन नंतर काढते, सेक्शन (उभा छेद) आधी. बांधण्याजोगा उतार साधारण एकास सात होता. साडेदहा मीटर खोल घर घेतलं की पुढच्या-मागच्या टोकात दीड मीटरचा फरक पडतो, म्हणजे बरोबर अर्धा मजला. तोच धरून घराचा मागचा भाग अर्धा मजला वर उचलला. खाली बैठक, नऊ-दहा पायऱ्या चढून स्वयंपाकघर. खोदाई कमी आणि भरावही जवळजवळ नाही. गुडघे दुखणाऱ्या आईंसाठी सगळ्यात खालच्या ओळीतलं एक घर मात्र एकाच पातळीवर ठेवलं.

खरी मारामारी रस्त्याची. वरच्या ओळीपर्यंत चढ साडेआठ मीटर. एकास बारा उताराने गेलं तर शंभर मीटरवर रस्ता लागतो, आणि अग्निशमनाची गाडी शेवटी वळलीही पाहिजे. त्या वळणात दोन घरं गेली, सोळाची चौदा झाली.

'पुढे मुलांना घर वाढवता आलं पाहिजे' हा भावांचा आग्रह. त्यांना बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज दाखवायला नेलं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी) केलेली वसाहत, सहा हेक्टरवर सुमारे साडेपाचशे कुटुंबं, कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही, म्हणून प्रत्येकाला हवं तसं वाढवता यावं. लोकांनी मनसोक्त वाढवलंयही. परतताना गाडीत मी सांगितलं, आपल्याकडे मागे वाढवायचं तर संरक्षक भिंतीच्या पायाला हात घालावा लागेल, आपली वाढ फक्त वर. त्या हिशेबाने खांब आणि पाया आधीच मजबूत धरले.

परवानग्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. झाडांची मोजणी, वृक्ष विभागाचा दाखला, घरं आठपेक्षा जास्त म्हणून महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी. कागद लागले, वेळ गेला. कामाच्या क्रमावर मात्र मी अडून बसले: पहिल्या पावसाआधी सगळ्यात वरची पाणी अडवणारी चर, ओहोळाचं पिचिंग आणि भिंती, सॅम्पल फ्लॅट नंतर. विक्री बघणाऱ्या माणसाला हे अजिबात रुचलं नाही.

सध्या खालच्या दोन ओळींची जोती झाली आहेत. धाकट्या भावाला गच्चीवर पत्र्याची शेड हवी आहे, तो विषय दर शनिवारच्या बैठकीत निघतो.